सोशल मीडिया एकट्याने का सुटत नाही?



आजचा विषय सोशल मीडिया सोडण्याचा आहे. हा विषय निघाला की बहुतेक जण म्हणतात, "तोटे आम्हाला माहीत आहेत, सोडायचं कसं तेवढं सांगा." मागणी रास्त आहे. पण त्याच्या आधी एक प्रश्न घ्यावा लागेल. ठरवूनही ते सुटत का नाही? रात्री बारापर्यंत रील बघितले की सकाळी उठवत नाही, हे ज्याला पक्कं कळतं, तोच माणूस दुसऱ्या रात्री पुन्हा बघतो. हा माणूस काही अडाणी नसतो. शेती बघतो, संसार बघतो, चार लोक त्याचा सल्ला घेतात. मग एवढ्याशा गोष्टीत त्याचं का चालत नाही?

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. सोशल मीडियाची ओढ दोन ठिकाणी असते. एक फोनच्या रचनेत, आणि दुसरी आपल्या भोवतीच्या माणसांत. पहिली ओढ फोनमध्ये चार बदल करून कमी करता येते. दुसरी मात्र एकट्याने सुटत नाही, ती मिळून सोडावी लागते. ही कल्पनेतली गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या काही गावांनी ती करून बघितली आहे, त्यातलं एक तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. तिथपर्यंत पायरीपायरीने जाऊ.

एका फोनमध्ये दोन दुकानं

आपल्या हिंगोली जिल्ह्यातला साधा शेतकरी घ्या. मोंढ्यात आज हळदीला काय भाव निघाला, हे त्याला फोनवर कळतं. ई-पीक पाहणी फोनवर करायची असते. पोराच्या शाळेचा निरोप व्हॉट्सअॅपवर येतो. किराणा दुकानात पैसेही फोनवरूनच दिले जातात. त्यामुळे "फोन फेकून द्या" हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण कामाचा नाही.

अडचण अशी, की भाव बघायला उघडलेला फोन भाव बघून बंद होत नाही. एकाच फोनमध्ये दोन दुकानं शेजारी शेजारी थाटलेली आहेत. एक गरजेचं, दुसरं ओढीचं, आणि मध्ये भिंत नाही. माणूस गरजेच्या दुकानात शिरतो आणि पाऊण तासाने ओढीच्या दुकानातून बाहेर येतो. भाव बघितला होता की नाही, तेही कधी कधी आठवत नाही!

हे एवढं घरोघरी कसं पोचलं, ते थोडक्यात पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०२० मध्ये कोरोना आला, शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात फोन आला. त्याच वर्षी जूनच्या शेवटी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. आठवतं ना? आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं. म्हणजे अॅप गेलं, पण सवय गेली नाही. ती दुसऱ्या घरात राहायला गेली. नुसती बंदी घालून काय होतं आणि काय होत नाही, ते यातून दिसतं.

आता एक आकडा. प्रथम संस्थेचा असर अहवाल ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करतो. २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता. सोशल मीडियासाठी वापरणारे होते ७६ टक्के. फोन अभ्यासासाठी घरात आला आणि राहिला कशासाठी, ते या दोन आकड्यांत आहे.

ओढ तयार कशी होते?

बी. एफ. स्किनर हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी उंदरांवर आणि कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. कबुतराने चोच मारली की दाणा मिळतो, अशी सोय केली. दर ठरावीक टोच्यांना दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाला की कबुतर थोडं थांबतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी विसाव्याला, कधी दुसऱ्याच टोच्याला मिळायला लागला, तर ते थांबतच नाही, टोचत राहतं. दाणे बंद केले तरी बराच वेळ टोचत राहतं. पुढचा टोचा कदाचित लागेल, ही आशा सुटत नाही. मटक्याचं आणि जुगाराचं गणितही हेच आहे.

रील बघताना आपलं बोटही तेच करतं. दहातले आठ रील टाकाऊ असतात. एक बरा, एक फार मजेदार. तो मजेदार कितवा येईल हे कुणालाच माहीत नसतं. दहाच्या दहा चांगले असते, तर पोट भरलं असतं. दहाच्या दहा वाईट असते, तर कंटाळून फोन ठेवला असता. या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत माणूस अडकतो.

इथे डोपामिन हा शब्द नेहमी ऐकायला मिळतो. मेंदूतलं हे एक रसायन आहे आणि त्याला सरसकट "आनंदाचं रसायन" म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. त्यांत असं दिसलं की अपेक्षा नसताना रस मिळाला, तर डोपामिनच्या पेशी जोरात काम करतात. पुढे रसाची खूण म्हणून दिवा लागायला लागला, तेव्हा त्या पेशी रस मिळताना नव्हे, तर दिवा लागतानाच जाग्या व्हायला लागल्या. म्हणजे ही सगळी यंत्रणा मिळण्यापेक्षा मिळेलच्या आशेवर चालते. आपल्या फोनवरचा लाल ठिपका आणि "टिंग" हा आवाज म्हणजे तो दिवा. म्हणून नोटिफिकेशन आलं की हात जातो, आणि उघडून बघितल्यावर बहुतेक वेळा काहीच विशेष नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबण्याची खूण काढून टाकणं. वर्तमानपत्राचं शेवटचं पान येतं. सिनेमा संपतो. कीर्तन संपताना आरती होते, मग माणूस उठतो. प्रत्येक गोष्टीला शेवट असतो आणि त्या शेवटाला आपण विचार करतो, "आता काय?" २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने न संपणारं पान तयार केलं. खाली सरकत जा, नवं येतच राहतं. पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे याबद्दल खंत व्यक्त केली. व्हिडिओ आपोआप पुढचा सुरू होणं हा त्याचाच भाऊ. "आता काय?" हा प्रश्न विचारायची जागाच उरत नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. २००९ मध्ये फेसबुकने लाईकचं बटन आणलं. त्याआधी चार लोकांत आपला मान किती, हे अंदाजाने कळायचं. आता तो आकड्यात दिसतो, सगळ्यांना दिसतो आणि दर तासाला बदलतो. चौदा वर्षांच्या मुलीने फोटो टाकला आणि वर्गमैत्रिणीपेक्षा निम्मे लाईक आले, तर तिच्यासाठी तो भर वर्गात झालेला अपमान असतो. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटतं, तिला वाटत नाही.

हे सगळं योगायोगाने घडलेलं नाही. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये जाहीर मुलाखतीत सांगितलं, की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं घेता येईल, याच विचाराने हे बांधलं गेलं. कारण सरळ आहे. कंपनीचं उत्पन्न जाहिरातीवर आहे, आणि आपण जितका वेळ बसू तितक्या जाहिराती दिसणार. तेव्हा पडद्याच्या एका बाजूला दिवसभराच्या कामाने थकलेला एक माणूस, आणि दुसऱ्या बाजूला त्याचा वेळ मिळवण्यासाठी पगार घेऊन बसलेले हजारो हुशार लोक. सामना बरोबरीचा नाही. हे एकदा समजलं की स्वतःला आणि पोरांना दोष देणं जरा कमी होतं. ते कमी झाल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

याला व्यसन म्हणायचं का?

शब्द जपून वापरू. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या यादीत गेम खेळण्याच्या विकाराला जागा दिली आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. सोशल मीडियाचं व्यसन असा वेगळा आजार त्या यादीत नाही. त्यामुळे दिवसाला दोन तास रील बघणाऱ्या प्रत्येकाला व्यसनी म्हणणं बरोबर नाही.

मग ओळखायचं कसं? तासांपेक्षा तीन गोष्टी बघाव्यात. कमी करायचं ठरवूनही वारंवार जमत नाही का? झोप, अभ्यास, काम, जेवण यांचं नुकसान होऊनही ते चालूच राहतं का? आणि फोन नसेल तेव्हा जीव कासावीस होतो, चिडचिड होते का? तिन्हीची उत्तरं "हो" असतील आणि महिनोन्‌महिने तशीच असतील, तर मदत घ्यायला हवी. टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. ती दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. कधी कधी फोनमागे दुसरंच दुखणं लपलेलं असतं. परीक्षेची भीती, घरातलं भांडण, एकटेपणा. तिथे नुसता फोन काढून घेतला, तर फोन जातो आणि दुखणं तसंच राहतं.

सोडल्यावर खरंच काय होतं?

याचा एक चांगला अभ्यास अमेरिकेत झाला. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झकाऊ आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ च्या तिथल्या निवडणुकीच्या आधी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं, आणि ते न सोडणाऱ्यांशी त्यांची तुलना केली. अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

काय दिसलं? दिवसाला सरासरी एक तास मोकळा झाला. तो वेळ दुसऱ्या अॅपमध्ये गेला नाही. काही टीव्हीत गेला, काही घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर गेला. मनाचं समाधान वाढलं, पण थोडं, चमत्कार वाटावा इतकं नाही. राजकारणावरून डोकं तापणं कमी झालं. त्याचबरोबर बातम्यांची माहितीही कमी झाली, हा तोटा लपवायला नको. आणि महत्त्वाचं म्हणजे चार आठवडे संपल्यावर, सगळी मोकळीक असूनही, या लोकांचा वापर आधीपेक्षा सुमारे पाचव्या भागाने कमीच राहिला.

दिवसाचा एक तास म्हणजे वर्षाचे ३६५ तास. रोज आठ तासांचं काम धरलं, तर पंचेचाळीस दिवसांची मजुरी झाली ती! कुणाचा बुडालेला दीड महिना परत मिळाला, तर तो काय करेल, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

पण या अभ्यासात एक गोष्ट आपल्यासाठी वेगळी आहे. त्या लोकांना सोडायला कारण मिळालं होतं, मुदत मिळाली होती, आणि कुणीतरी बघत होतं. आपण रात्री अंथरुणात "उद्यापासून बंद" असं मनात म्हणतो, तेव्हा यातलं काहीच नसतं. शिवाय सगळे मित्र तिथेच असतात. कॉलेजच्या पोराने एकट्याने इन्स्टाग्राम सोडलं, तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कोण कशाला हसतंय ते त्याला कळत नाही. ओढीपेक्षा वगळलं जाण्याची भीती मोठी असते. ती घालवायला एकट्याची इच्छाशक्ती पुरत नाही. सगळेच तासभर बाहेर आले, तर कुणीच वगळलं जात नाही.

वडगावचा भोंगा आणि बांशीचा ठराव

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या, पण मुलांचं लक्ष फोनमधून निघेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे महिलांची सभा झाली आणि निर्णय झाला. रोज संध्याकाळी ७ वाजता गावच्या देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की घराघरातला टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेल, मग चालू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं, घरातलं करायचं. सरपंच विजय मोहिते होते. नुसता भोंगा बसवून गाव थांबलं नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि लोकांना समजावून सांगितलं.

यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. ७ ते साडेआठ ही मालिकांची वेळ. ज्या बायांनी हा निर्णय घेतला, त्यांनी आपल्या मालिका आधी सोडल्या आणि मग मुलांना फोन ठेवायला सांगितलं. पोरांनी ऐकण्यामागे हे एक मोठं कारण असणार, असं आम्हाला वाटतं. बाप फोनवर आणि पोराला म्हणतो "अभ्यास कर", हे कुठल्याच घरात चालत नाही.

दुसरं गाव आपल्या जवळचं. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तिथे पुसद तालुक्यात बांशी गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल द्यायचा नाही. नियम मोडला तर दंड. त्यामागची तळमळ खरी होती. मुलं हातची जाताहेत, असं दिसत असताना गाव गप्प बसलं नाही, याचं कौतुकच करायला हवं.

आता तिसरं उदाहरण लांबचं घेऊ. ऑस्ट्रेलियाने कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली. तिथे दंड मुलाला नाही, आईबापालाही नाही, तर कंपनीला आहे, आणि तो कोट्यवधी डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. ऑस्ट्रेलियात ओझं कंपनीवर आहे. बांशीत ते मुलांच्या बाजूला आहे. वडगावात ते सगळ्या गावावर सारखं वाटलेलं आहे, म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत. कंपनीवर ओझं टाकणं हे सरकारचं काम, ते आपल्या हातात नाही. मुलांवर बंदी घातली की मूल लपून बघतं, मित्राच्या फोनवर बघतं आणि घरात खोटं बोलायला शिकतं. उरतो तिसरा मार्ग. त्यात बंदी थोडी आहे, दिवसाला दीडच तास. पण ती सगळ्यांना आहे. म्हणून ती टिकायची शक्यता जास्त. पुढे इतर गावांनीही हा मार्ग धरला. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावातही संध्याकाळी ७ ते ९ असा भोंगा सुरू झाला.

आपल्याकडचा जुना अनुभव

मिळून सोडणं आपल्या भागाला नवं नाही. नरसी नामदेव आपल्या जिल्ह्यात आहे, वारकरी घरोघरी आहेत. माळ घालणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. माणूस माळ घालतो, मांस आणि दारू सोडतो. ती माळ गळ्यात दिसते. लग्नाच्या पंगतीत कुणी त्याला आग्रह करत नाही, उलट चार लोकच सांगतात, "अहो, ते माळकरी आहेत." सोडलेली गोष्ट लोकांना माहीत असते, म्हणून पाळणं सोपं जातं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण सोडणाऱ्याभोवती माणसं उभी राहतात, ही त्यातली व्यवस्था कुणालाही घेण्यासारखी आहे.

दुसरा अनुभव "आडव्या बाटली"चा. महाराष्ट्रात महिलांनी मागणी करून, मतदान घेऊन गावातलं दारूचं दुकान बंद करण्याची तरतूद आहे, आणि अनेक गावांनी ती वापरली. फरक एवढाच, की दारूचं दुकान गावात एका जागी असतं, त्याला कुलूप लागतं. हे दुकान प्रत्येकाच्या खिशात आहे, कुलूप कुठे लावणार? म्हणून इथे जागेऐवजी वेळेला कुलूप लावायचं. वडगावने तेच केलं.

तिसरं, व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक काय करतात तेही बघा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. तिथे उपचार एकट्या रुग्णाचा होत नाही, घरच्या माणसांनाही त्यात धरतात. बरा झालेला माणूस शेवटी त्याच घरात आणि त्याच गल्लीत परत जाणार असतो. भोवतालचं काहीच बदललं नाही, तर तो पुन्हा तिथेच जातो.

मग करायचं कसं?

आधी फोनमधली भिंत बांधू. हे ज्याचं त्याने करायचं.

गरजेचं आणि ओढीचं यांची यादी करा. व्हॉट्सअॅप, पैशांचं अॅप, शेतीची माहिती हे ठेवा. इन्स्टाग्राम, फेसबुक फोनमधून काढा. खातं बंद करायची घाई नको, आधी नुसतं अॅप काढा. दर वेळी ब्राउझरमध्ये जाऊन पासवर्ड टाकावा लागला, तर निम्म्या वेळा हात मागे येतो. महिनाभर चाललं आणि पक्कं सोडायचंच ठरलं, तर खातं कायमचं डिलीट करा. एक लक्षात ठेवा, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ३० दिवसांची मुदत ठेवतात. त्या काळात एकदा जरी लॉगिन केलं, तरी खातं परत जिवंत करता येतं. ते तीस दिवसच कसोटीचे.

माणसाने पाठवलेला निरोप सोडून बाकी सगळ्यांचे आवाज बंद करा. व्हॉट्सअॅपचे "शुभ सकाळ"वाले ग्रुप म्यूट करा. यूट्यूब लागतंच, तर त्यातली बघितलेल्याची नोंद, म्हणजे वॉच हिस्ट्री, बंद करून पुसून टाका. मग पहिल्या पानावर शिफारशींचा ढीग येत नाही, आपल्याला हवं ते शोधून बघावं लागतं. आणि फोन रात्री उशाशी नको. गजरासाठी शे-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा.

आता दुसरा भाग, मिळून करायचा. एखाद्या घराने किंवा चार-पाच घरांच्या गल्लीने सुरुवात केली तरी चालते, सगळ्या गावाची वाट बघायला नको.

वेळ एकच आणि रोज तीच ठेवा. रोज ठरवायला लागलं की ते मोडतं. सुरुवात मोठ्यांनी करायची, आजोबांच्या यूट्यूबसकट. अडीअडचणीचा फोन आला तर घ्यायचा, बोलणं बंद नाही, बघणं बंद आहे. सगळे फोन एका ठिकाणी ठेवा, परडीत, डब्यात, कुठेही, पण सगळ्यांचे. आणि त्या वेळात काय करायचं, ते आधी ठरवा. हे विसरलं तर सगळं फसतं. रिकामा तास आणि गप्प बसलेलं घर हे पोराला शिक्षेसारखं वाटतं. कुणी अभ्यासाला बसेल, कुणी शेंगा फोडेल, कुणी कॅरम मांडेल.

पहिला आठवडा जड जातो. हात खिशाकडे जातो, फोन वाजला असा भास होतो. हे होणारच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादा दिवस मोडेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर सुरू करायचं. एक एकादशी चुकली म्हणून कुणी वारी सोडत नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*एका ताईंनी विचारलं: मुलीचा फोन काढून घेतला, तर ती दोन-दोन दिवस बोलत नाही. काय करावं?*

ताई, हिसकावून घेऊ नका. तिच्या दृष्टीने तुम्ही फोन घेत नाही, तिच्या मैत्रिणी घेता. तिच्या दोन मैत्रिणींच्या आयांशी बोला. तिन्ही घरांत एकच वेळ ठरली, तर तिला वगळलं गेल्यासारखं वाटणार नाही. आणि त्या वेळी तुमचाही फोन त्याच परडीत असू द्या. झोप, जेवण उडालं असेल, किंवा ती जिवाबद्दल काही बोलत असेल, तर थांबू नका. १४४१६ ला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.

*एका काकांचा प्रश्न: हळदीच्या हंगामात भावाचे ग्रुप सारखे बघावे लागतात. ते कसं सोडायचं?*

काका, ते सोडायचंच नाही. ती गरज आहे. पण बीट काही रात्री दहाला निघत नाही. भाव बघायच्या दोन वेळा ठरवा, बाकी वेळ ग्रुप म्यूट. भाव बघितला की फोन ठेवायचा, एवढंच पाळा.

*कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने विचारलं: मी इन्स्टावर माझ्या गाण्याचे व्हिडिओ टाकतो. सोडलं तर माझी ओळखच जाईल.*

बेटा, टाकणं आणि बघत बसणं वेगळं करता येतं. आठवड्यातला एक वार टाकण्यासाठी ठेव. टाक, आलेल्या निरोपांना उत्तर दे आणि अॅप काढून टाक. पुढच्या आठवड्यात पुन्हा घे. आणि गावातल्या भजनात, गणपतीत माणसांसमोर गा. तिथली दाद आकड्यात येत नाही, पण पुढे काय सुधारायचं, ते तिथेच कळतं.

*शेवटचा प्रश्न एका शिक्षकांचा: भोंग्याने मुलांचे मार्क वाढतील का?*

गुरुजी, तसं वचन आम्ही देणार नाही. दीड तासाची शांतता मिळते. त्या शांततेत शिकवणारं, विचारपूस करणारं माणूस घरात असेल, तर फायदा जास्त. नसेल, तर गावातली शिकलेली पोरं एखाद्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात मुलांना घेऊन बसू शकतात. पण "माझं मूल रोज दीड तास माझ्याशी बोलतं" हा फायदा मार्कांच्या आधी मोजावा, असं आम्हाला वाटतं.

वेळ झाली आहे. जाता जाता एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर ठराव करायला ग्रामसभेची वाट बघू नका. शेजारच्या एका घराला विचारा, "उद्या सातपासून साडेआठपर्यंत आपण दोन्ही घरं फोन ठेवायचे का?" ते "हो" म्हणाले, तर सुरुवात झाली. "नाही" म्हणाले, तर त्याच्या पलीकडचं घर आहेच.

इथेच थांबतो. नमस्कार.